राउटरला हार्ड डिस्क जोडताय? या चुका टाळा

राउटरच्या मागच्या यूएसबी पोर्टला डिस्क जोडली की घरातल्या सगळ्या फोन-लॅपटॉपवर तेच फोटो, तेच सिनेमे दिसतात. सोय खरोखर चांगली आहे. पण ती बिघडली की लोक सेटिंग उकरत बसतात. सोलापुरात मी तरी आधी विजेकडे बघायला सांगेन.

यूएसबी २.० पोर्ट ५०० मिलीअँपिअर देतो, ३.० पोर्ट ९००. फिरणारी डिस्क सुरू होताना याहून जास्त ओढू शकते. मग ती टिकटिक करते, दिसते, गायब होते; कधी राउटरच रीस्टार्ट होतो. अशा वेळी पेन ड्राइव्ह लावून बघा. तो नीट चालला तर नवा राउटर घेऊ नका, स्वतःचा ॲडॉप्टर असलेला यूएसबी हब (एका पोर्टचे अनेक पोर्ट करणारी डबी) घ्या, म्हणजे डिस्कला वीज हबकडून मिळेल.

दुसरी गोष्ट, जाणारी लाईट. कॉपी सुरू असताना वीज गेली तर एखादी फाईलच नाही, अख्खी डिस्क वाचता न येण्याची वेळ येऊ शकते. राउटरला छोटा यूपीएस लावून अनेकजण निर्धास्त होतात, पण हबचा ॲडॉप्टर भिंतीतल्या साध्या सॉकेटलाच राहतो! दोन्ही यूपीएसवर हवेत. तरीही डिस्क बिघडलीच, तर ती विंडोजच्या कॉम्प्युटरला जोडा, डिस्कवर राइट-क्लिक करून प्रॉपर्टीजमधल्या टूल्समध्ये जाऊन चेक चालवा. राउटरवरून डिस्क काढताना राउटरच्या सेटिंगच्या पानावरचं सेफली रिमूव्ह दाबूनच काढा.

एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो, आणि बऱ्याच पोर्टेबल डिस्क ३५ अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनवलेल्या असतात. डिस्क राउटरच्या डोक्यावर किंवा पत्र्याखालच्या माळ्यावर ठेवू नका.

गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजांच्या मिरवणुकीचा लांबलचक व्हिडिओ कॉपी होता होता अडतो? डिस्क एफएटी३२ या जुन्या फॉरमॅटची, म्हणजे फाईली साठवण्याच्या पद्धतीची, असेल. त्यात ४ जीबीपेक्षा मोठी फाईल बसत नाही. दुसऱ्या फॉरमॅटपैकी एक्सएफएटी सगळ्या राउटरना वाचता येत नाही, एनटीएफएस बहुतेकांना येतं. तुमच्या मॉडेलचं मॅन्युअल बघून ठरवा. फॉरमॅट केल्यावर सगळं पुसलं जातं, म्हणून आधी दुसरीकडे कॉपी करा.

नेटवर्कमध्ये डिस्क दिसतच नसेल तर विंडोजमध्ये रन उघडून दोन उलटे स्लॅश (\\) आणि राउटरचा आयपी, म्हणजे नेटवर्कमधला त्याचा पत्ता, टाका. तरीही नाही? जुने राउटर एसएमबी१ (नेटवर्कवर फाईली शेअर करण्याची जुनी पद्धत) वापरतात आणि २०१७ च्या अखेरीपासून नव्याने टाकलेल्या विंडोज १० मध्ये ते सहसा बंदच असतं. ते चालू करा असा सल्ला सर्रास मिळतो. कृपया मानू नका. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा फाईली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस याच वाटेनं जगभर पसरला होता. राउटरचं फर्मवेअर (त्याच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट करून नवं एसएमबी२ मिळतं का बघा. विंडोज ११ प्रोची २४एच२ आवृत्ती पासवर्डशिवायचं गेस्ट लॉगिन नाकारते. तिथे राउटरवर नाव-पासवर्ड लावून बघा.

पुण्यात शिकणाऱ्या मुलाला फोटो दिसावेत म्हणून राउटरच्या सेटिंगमधून ४४५ किंवा २१ नंबरचा पोर्ट (फाईल शेअरिंगचा नेटवर्कमधला दरवाजा, यूएसबीचं भोक नव्हे) इंटरनेटला उघडू नका. असे उघडे पोर्ट शोधणारे प्रोग्रॅम रात्रंदिवस फिरत असतात. राउटरमध्ये व्हीपीएन (बाहेरून घरच्या नेटवर्कमध्ये येण्याचा सुरक्षित खासगी मार्ग) असेल तर तो वापरा.

आणि लग्नाचे फोटो फक्त याच डिस्कवर ठेवू नका. दुसरी प्रत कपाटातल्या वेगळ्या डिस्कवर असू द्या.

राहिला वेग. राउटरचा प्रोसेसर लहान असतो, त्यामुळे डिस्क थेट लॅपटॉपला लावल्यासारखा वेग मिळणार नाही. यूएसबी ३.० मुळे २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायलाही अडथळा येऊ शकतो. डिस्क अँटेनापासून लांब सरकवा, लॅपटॉप ५ गिगाहर्ट्झवर घ्या. मोठी कॉपी असेल तर सरळ लॅनची वायर लावा.