गेमसाठी लिनक्स टाकताय? या चुका टाळा

गणपतीला चाकरमानी कुडाळात उतरले की एखादा तरी पोरगा लॅपटॉप काखेत मारून माझ्याकडे हजर. "काका, गेमिंगला बेस्ट डिस्ट्रो कुठला?"

पहिली चूक याच प्रश्नात आहे. डिस्ट्रो म्हणजे लिनक्सचा एकेक तयार अवतार. त्यावर विंडोजचे गेम चालवतं ते प्रोटॉन नावाचं सॉफ्टवेअर. स्टीम हे गेमचं ऑनलाइन दुकान चालवणाऱ्या वाल्वने ते २०१८ साली आणलं आणि मिंट घ्या नाहीतर फेडोरा, ते तेच असतं. डिस्ट्रो बदलून एफपीएस (सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम) दुप्पट होत नाहीत. बघायचं ते एवढंच: कर्नल (सिस्टीमचा गाभा) नि ग्राफिक्स ड्रायव्हर किती ताजे मिळतात आणि अपडेट फसलं तर मागे कसं फिरायचं.

हे दुसरं कोणी मनावर घेत नाही. माझ्या भाच्याने आर्च टाकलं, कारण यूट्यूबवर कोणीतरी 'खरे लोक आर्चच वापरतात' म्हणालं. भर आषाढात संध्याकाळी कर्नलचं अपडेट चालू, आणि लाईट गेली. बॅटरी आधीच मेलेली. लाईट आल्यावर स्क्रीनवर कर्नल पॅनिक, म्हणजे सिस्टीम सुरूच होईना. बहीण दारातून विचारते, "लॅपटॉप गेलो काय रे?" गेला नव्हता. पेनड्राइव्हवरून आर्च बूट केलं, डिस्क माउंट करून क्रूट कमांडने तिच्यावरच्या सिस्टीममध्ये शिरलो, पॅकमनची (आर्चचं अपडेट करणारं साधन) अडकलेली लॉक फाइल उडवली आणि पूर्ण अपडेट पुन्हा केलं. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर, पावसात. रात्रीचा एक वाजला.

दुसऱ्या दिवशी त्याला बझाईट हा गेमिंगचा डिस्ट्रो टाकून दिला. त्यात नवी सिस्टीम बाजूला तयार होते नि रीस्टार्टनंतरच लागू होते. मध्येच लाईट गेली तरी चालू सिस्टीमला धक्का नाही. बूट मेनूत आधीचीही शिल्लक असते. अपडेट मात्र जडच्या जड, मी ते रात्रीच लावतो. आणि डाउनलोड करताना घाई नको: जीटीएक्स १०५० सारख्या जुन्या एनव्हिडिया कार्डासाठी वेगळी इमेज असते. पोरं पहिलंच बटण दाबतात नि मग काळ्या स्क्रीनचा फोटो मला पाठवतात.

विंडोजच्या एनटीएफएस फॉरमॅटच्या डी-ड्राइव्हवरचेच गेम स्टीमला दाखवणं हा आळस. गेम दिसतो, प्ले दाबलं की दोन सेकंदांत बंद. प्रोटॉनला लागणाऱ्या सिमलिंक (दुसऱ्या फाइलकडे नेणाऱ्या खुणा) आणि परवानग्या तिथे घोटाळतात. ड्राइव्ह एक्स्ट४ या लिनक्सच्या फॉरमॅटमध्ये करा, गेम पुन्हा उतरवा.

उबंटूवर स्टीमचं स्नॅप पॅकेज नको, डेब पॅकेज घ्या.

नवंकोरं रेडिऑन कार्ड आणि डेबियन स्टेबल ही जोडी जमवू नका, त्यात कर्नल नि ड्रायव्हर जुने असतात.

व्हॅलोरंट चालत नाही. कुठल्याच डिस्ट्रोवर नाही, त्याचं अँटी-चीट (खेळातली लबाडी पकडणारं सॉफ्टवेअर) लिनक्सवर येतच नाही. फॉर्मॅट मारण्याआधी प्रोटॉनडीबीवर (कुठला गेम लिनक्सवर कसा चालतो ते सांगणारी साइट) आपला गेम बघायला दोन मिनिटं लागतात.

आणि गेम खेळायला काली लिनक्स, म्हणजे सायबर सुरक्षेच्या चाचण्यांसाठीचा डिस्ट्रो, टाकलेलं असेल तर घरी या, चहा मिळेल. लॅपटॉप पिशवीतच ठेवा.