पाय वर उचला, पण आधी श्वास बघा
कुणी चक्कर येऊन पडलं की आजूबाजूचे त्याला धरून बसवायला बघतात. बसवू नका, आडवंच राहू द्या.

1. हाक मारा, छाती वर-खाली होतेय का बघा.
2. श्वास नीट चालू असेल तर दोन्ही पाय साधारण 30 सेंटीमीटर उचलून खाली बॅग किंवा उशी सरकवा. पायांतलं रक्त हृदयाकडे वळतं. परिणाम काही मिनिटंच टिकतो, पण साध्या चक्करेला बहुधा तेवढा पुरतो. पाठीला किंवा पायाला मार लागला असेल तर मात्र उचलू नका.

श्वास नसेल, किंवा नुसते आचके येत असतील, तर पायांच्या नादी लागूच नका! कुणाला तरी अँब्युलन्स बोलवायला सांगा आणि लगेच छातीच्या मधोमध जोरात दाबायला लागा, मिनिटाला 100 ते 120 वेळा.