पावसाळ्यात खानापूर-जांबोटीकडे कॅमेरा नेताना

बेळगावहून जांबोटी, कणकुंबी, चोर्ल्याकडे जून ते सप्टेंबरमध्ये कॅमेरा नेणाऱ्याला चोरापेक्षा दमट हवेची भीती जास्त. चोरीचा बंदोबस्त तासाभरात होतो, ओलाव्यासाठी मात्र प्रवासभर सावध राहावं लागतं.

निघण्याआधी कॅमेऱ्याची बॉडी आणि प्रत्येक लेन्सवरच्या सिरियल नंबरचा फोटो काढा आणि बिलासोबत ईमेलवर ठेवा. चोरी झाल्यास पोलीस तक्रारीत हाच नंबर लागतो. विमा असेल तर अटी वाचा. बंद गाडीत ठेवलेल्या वस्तूची भरपाई बऱ्याच पॉलिसी देत नाहीत.

बॅग साधी असावी, कंपनीचं नाव मिरवणारी नको. जड लेन्स बॉडीपासून काढून वेगळी ठेवा, नाहीतर घाटातल्या धक्क्यांचा सगळा ताण माउंटवर, म्हणजे लेन्स बॉडीला जोडतात त्या कड्यावर, येतो. बसमध्ये बॅग मांडीवर घ्या. वरच्या फळीवर किंवा डिकीत ती नजरेआड जाते. बेळगावच्या सांबरा विमानतळावरून जाणार असाल तर सुट्या बॅटऱ्या हातातल्या सामानातच न्याव्या लागतात. त्यांची टोकं टेपने झाका.

आता पाऊस. बॅगेसोबत मिळणारं रेनकव्हर पाठीकडची बाजू उघडी ठेवतं आणि पट्ट्यांवरून ओघळलेलं पाणी तिथूनच आत शिरतं. म्हणून कॅमेरा आधी जाड प्लास्टिक पिशवीत घाला, तोंड दुमडून बांधा, मगच बॅगेत ठेवा. रोपलावणीला शेतकरी डोक्यावरून पाठीवर खोळ घेतात ती याच हिशेबाने: पाणी वरून येऊन बाहेरच ओघळलं पाहिजे.

एसीच्या थंड खोलीतून किंवा गाडीतून कॅमेरा एकदम बाहेर काढू नका. थंड काचेवर दमट हवेतलं बाष्प साचतं, कधी लेन्सच्या आतही. खोलीतच झिप पिशवीत बंद करा आणि बाहेर आल्यावर अर्धा ते एक तास ती उघडू नका. बाष्प पिशवीवर धरेल, काचेवर नाही.

भिजलाच तर लगेच बंद करा, बॅटरी आणि कार्ड काढा, सुती कापडाने टिपा. सुरू होतो का हे पाहायचा मोह टाळा, शॉर्टसर्किट त्यातूनच होतं. हेअर ड्रायर नको, त्याची हवा पाणी आणखी आत ढकलते. तांदळाच्या डब्यातही ठेवू नका, पिठूळ धूळ फटींत बसते. पाणी आत गेल्याची शंका असेल तर थेट दुरुस्तीला द्या.

घरी आल्यावर बॅग रिकामी करून वाळवा. ओल्या बॅगेत पडून राहिलेल्या लेन्सवर बुरशी धरते आणि काचेवरचा लेप कायमचा खराब करते. रबरी कडेच्या हवाबंद डब्यात ओलावा शोषणारे सिलिका जेलचे दाणे आणि छोटा आर्द्रतामापक ठेवा. काटा ४० ते ५० टक्क्यांवर असावा. दहा लिटरच्या डब्याला २०० ग्रॅम जेल भरपूर होतं. निळ्यापेक्षा नारिंगी दाणे घ्या, कारण निळ्यात कोबाल्टचं विषारी क्षार असतं. नारिंगी दाणे ओलावा भरून हिरवे पडले की ११०-१२० अंशांवर ओव्हनमध्ये दोनेक तास तापवा. त्यासाठी ट्रे वेगळा ठेवा, स्वयंपाकाचा वापरू नका. दाणे पूर्ण गार झाल्यावरच डब्यात ठेवा.