स्टार वॉर्स टेबलवर खेळताय? मोरॅलिटीचा हिशोब असा ठेवा

सांगलीत आमचा ग्रुप फोर्स अँड डेस्टिनी खेळतो, २०१५ चा स्टार वॉर्सचा गेम, टेबलाभोवती बसून पात्रं रंगवायचा, आणि नवीन गडी आला की विचारतोच, चांगलं वागलो काय वाईट वागलो काय, पॉवरला काय फरक पडतो? लय पडतो भावा.

मोरॅलिटी म्हणजे पात्र किती चांगलं-वाईट ते दाखवणारा आकडा, सुरू होतो साधारण ५० पासनं. फोर्स म्हणजे त्या जगातली गूढ शक्ती, ती वापरायला फाशावरचे ठिपके लागतात, काळे डार्क म्हणजे वाईट साइडचे, पांढरे लाइट म्हणजे चांगल्या साइडचे. फोर्सचा फासा १२ बाजूंचा, ७ बाजूंवर काळे ठिपके, ५ वर पांढरे, पण पांढऱ्यांतल्या ३ बाजूंवर दोन-दोन हायत, म्हणजे काळं सारखं येतं पण पांढरं आलं की भरभरून येतं, ही रचना मला जाम आवडते.

आता समजा दरीत पडणाऱ्या पोराला फोर्सनं हवेत धरायचंय आणि आला एक काळा ठिपका. लाइट साइडवाला तो वापरू शकतो, पण एक पांढरा डेस्टिनी पॉइंट (टेबलावरचं सगळ्यांचं सामायिक टोकन) उलटवून काळा करायचा, एक स्ट्रेन (पात्राचा ताण) सोसायचा आणि एक कॉन्फ्लिक्ट (वाईट वाटेनं गेल्याचा गुण) लिहून ठेवायचा. इथं जीएमनं, म्हणजे खेळ चालवणाऱ्यानं, अजिबात घाई करू नये, खेळाडूला विचार करू दे, खरा खेळ तिथंच हाय.

सेशन संपलं की १० बाजूंचा फासा टाका, आकडा कॉन्फ्लिक्टपेक्षा जास्त तर तेवढा फरक मोरॅलिटीत वाढवा, कमी आला तर घटवा. मोरॅलिटी ३० च्या खाली गेली की पात्र डार्क साइडला, मग काळे ठिपके फुकट आणि पांढऱ्याला किंमत.

आणि कॉन्फ्लिक्ट मिळणार असेल तर जीएमनं खेळाडूला कृती करायच्या आधीच सांगावं, मागनं नको.