मृगापूर्वी शेणखत कुजवायचे तर ढीग आताच लावा
फेब्रुवारी सरत आला की गव्हाचे काड, हरभऱ्याचे कुटार आणि गोठ्यातले चघळ एकाच वेळी हाताशी येते, आणि खरिपाची पेरणी अजून साडेतीन महिने दूर असते. शेणखत नीट कुजायलाही साधारण तेवढेच, म्हणजे 90 ते 120 दिवस लागतात. म्हणून गोठ्यामागे साचलेला उकिरडा उपसून मोकळ्या, थोड्या उंचवट्याच्या जागी नवा ढीग लावण्याची हीच वेळ आहे.

वर्षभर खड्ड्यात पडलेले शेण वर्षाअखेरीही आतून हिरवट आणि चिकट का निघते, याचे कारण हवा हे आहे. दाबून बसलेल्या ओल्या शेणात हवेवर जगणारे जिवाणू गुदमरतात आणि हवेविना जगणारे त्यांची जागा घेतात. त्यांचे काम संथ असते, उष्णता फारशी निर्माण होत नाही, नासक्या अंड्यांसारखी दुर्गंधी मात्र सुटते. असा ढीग तापत नसल्याने तणांचे बी आणि हुमणीच्या अळ्या त्यात सुखरूप राहतात, आणि मग आपणच त्या गाडीत भरून शेतात नेऊन टाकतो.

ढीग सुमारे 5 फूट रुंद व 4 फूट उंच ठेवावा. लांबी सोयीने धरावी. जिवाणूंना कर्ब आणि नत्र 25 ते 30 भागांस 1 या प्रमाणात मानवतात. गाईम्हशींच्या शेणात हे प्रमाण 20 ते 25 च्या आसपास, गव्हाच्या काडात 80 च्या घरात, तर कोंबडीखतात अवघे 10 च्या जवळपास असते. त्यामुळे शेणाच्या प्रत्येक थरावर बारीक केलेले काड किंवा कुटार पसरावे, आणि कोंबडीखत असेल तर काड बरेच जास्त घालावे, अन्यथा डोळे चुरचुरतील इतका अमोनिया सुटतो, आणि तो वास म्हणजे पिकाचे नत्रच हवेत उडून जाणे होय. ओल पाहण्यासाठी मूठभर मिश्रण घट्ट दाबावे: बोटांतून एखादा थेंब डोकावला तर ओल योग्य, धार लागली तर जास्त, मूठ उघडताच भुगा झाला तर कमी.

पहिल्या काही दिवसांत साधारण तापमानाचे जिवाणू सहज विरघळणारे अन्न संपवतात, आणि त्यांनीच निर्माण केलेली उष्णता 45 अंशांवर गेली की उष्णताप्रिय जिवाणू, विशेषतः बॅसिलस गटातले, काम हाती घेतात. ढिगाच्या गाभ्यात लोखंडी सळई खुपसून दहा मिनिटांनी काढावी. ती हाताला धरवत नसेल तर ढीग चांगला तापला आहे असे समजावे. 55 अंशांवरची उष्णता काही दिवस टिकली की रोगजंतू आणि बहुतेक तणबीज मरते, परंतु 65 ते 70 अंशांपुढे हे उपयोगी जिवाणूही मरू लागतात. म्हणून सळई निवू लागली किंवा फारच चटका देऊ लागली की दाताळ्याने कडेचा माल आत आणि आतला बाहेर करून ढीग पलटावा, आणि उन्हाळ्यात पलटताना पाणी अवश्य शिंपडावे.

इथे एक चूक सर्रास दिसते. ताज्या ढिगावरच ट्रायकोडर्मा ओतला जातो. पण ती बुरशी आहे, तापत्या ढिगात ती टिकत नाही, आणि पैसे वाया जातात. ढीग निवल्यावरच ट्रायकोडर्मा मिसळावा. कुजवण्याच्या सुरुवातीला वेगळे विरजण विकत घेण्याची गरज सहसा नसते. शेणातच जिवाणू भरपूर असतात आणि जुन्या, पूर्ण कुजलेल्या खताच्या दोन-चार पाट्या मिसळल्या तरी पुरते.

निवलेला ढीग आणखी तीन-चार आठवडे झाकून, किंचित ओला ठेवावा. उष्णतेत न टिकणारे नत्रीकरण करणारे जिवाणू याच काळात वाढतात आणि अमोनियाचे नायट्रेट बनवतात, तर ॲक्टिनोमायसिटीज हे तंतुमय जिवाणू ढिगात राखाडी-पांढरी जाळी विणतात. पहिल्या पावसात मातीला येतो तो वास त्यांचाच. खत काळसर, भुसभुशीत झाले आणि त्यातले काड बोटांनी सहज तुटू लागले की ते तयार आहे. ते शेतात नेऊन ढिगल्या करून उन्हात पंधरा-पंधरा दिवस ठेवू नयेत. शेवटच्या वखरणीच्या दिवशीच पसरून लगेच मातीत मिसळावे.