खुराकातली प्रथिने किती पचतात? उन्हाळ्याआधी मोजून घ्या

हिरवा चारा आटू लागला की जनावरांचा खुराक वाढवावा लागतो आणि पोत्यावरचा प्रथिनांचा टक्का पाहून पशुखाद्य निवडले जाते. हा टक्का म्हणजे नत्राचे प्रमाण गुणिले ६.२५. नत्र चांगल्या शेंगदाणा पेंडीतले आहे, करपलेल्या सरकी पेंडीतले आहे की युरियातले, हे त्यावरून कळत नाही. युरियात ४६ टक्के नत्र असते, त्यामुळे १ टक्का युरिया मिसळला तरी कागदावर प्रथिने जवळपास २.९ टक्क्यांनी चढतात. म्हणून पचनीयता, म्हणजे खाल्लेल्या प्रथिनांपैकी शेणात न येता पचलेला वाटा, मोजावी, आणि ऊन तापण्याआधी मोजावी. कडक उन्हात जनावराचे खाणे रोज कमीजास्त होते आणि हिशेब बसत नाही.

सारख्या वजनाची निदान चार निरोगी जनावरे निवडा. शक्यतो नर घ्या, कारण त्यांचे मूत्र शेणात मिसळत नाही. पहिल्या टप्प्यात फक्त चारा द्या, दुसऱ्या टप्प्यात तोच चारा अधिक खुराक. प्रत्येक टप्प्यात किमान १४ दिवस सवयीचे सोडा, कारण कोठीपोटातले (रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यातले) जिवाणू नव्या आहाराला सावकाश रुळतात. त्यानंतर ५ ते ७ दिवस मोजणी करा.

मोजणीत टाकलेला चारा तोलाच, पण दुसऱ्या दिवशी गव्हाणीत उरलेलाही तोला आणि त्याचा नमुना वेगळा ठेवा. जनावर पाला खाते आणि धांडे सोडते. उरलेल्यात प्रथिने कमी असतात. सगळे एकाच टक्क्याने वजा केले तर उत्तर चुकते.

शेण चोवीस तासांचे गोळा करा. पडल्या पडल्या उचलून झाकणाच्या पिंपात टाका. तोलून झाल्यावर सगळे नीट कालवा आणि दोन नमुने काढा. एक कोरडे वजन काढण्यासाठी. दुसरा नत्रासाठी, तो ओलाच ठेवायचा. त्यासाठी सौम्य गंधकाम्ल घातलेल्या बाटल्या प्रयोगशाळेतूनच आणा, आम्ल घरी पातळ करू नका. बाटली नसेल तर नमुना गोठवा. नत्राचा नमुना उन्हात वाळवणे ही सर्रास होणारी चूक आहे. अमोनिया उडून जातो, शेणात नत्र कमी दिसते आणि न पचलेली प्रथिनेही पचल्यासारखी भासतात. मूत्र मिसळले तर नेमके उलटे होते.

आता हिशेब. आकडे उदाहरणादाखल, सगळे कोरड्या वजनावर, एका जनावराचे एका दिवसाचे. पहिल्या टप्प्यात ८ किलो चाऱ्यातून ४८० ग्रॅम प्रथिने पोटात गेली, शेणात २८८ ग्रॅम आली. म्हणजे ६० टक्के न पचता बाहेर पडली. दुसऱ्या टप्प्यात ६ किलो चाऱ्यातून ३६० आणि ३ किलो खुराकातून ६०० ग्रॅम गेली, शेणात ३६० आली. यातला चाऱ्याचा वाटा ३६० च्या ६० टक्के, म्हणजे २१६. उरलेली १४४ ग्रॅम खुराकाची. ६०० मधून १४४ गेली, ४५६ पचली: पचनीयता ७६ टक्के.

ही दिसणारी पचनीयता आहे. शेणातले सगळे नत्र खाद्याचे नसते. आतड्याच्या झिजलेल्या पेशी, पाचकरस आणि जिवाणूंचे नत्रही त्यात येते. खाल्लेल्या दर किलो कोरड्या आहारामागे ते साधारण ३० ग्रॅम प्रथिनांइतके भरते. म्हणून कमी प्रथिनांच्या चाऱ्याचा आकडा आहे त्याहून वाईट दिसतो. दोन खुराकांची तुलना करायची तर दोन्हींची चाचणी त्याच चाऱ्यावर, त्याच प्रमाणात करा.

आकडा फारच खाली आला तर पेंड जास्त तापली असावी अशी शंका घ्या. गडद तपकिरी रंग आणि करपट वास ही खूण. जास्त उष्णतेने प्रथिने साखरेशी घट्ट बांधली जातात आणि आतड्यातही सुटत नाहीत. प्रयोगशाळेत आम्ल डिटर्जंटमध्ये न विरघळणारे नत्र तपासून घ्या. हा बांधला गेलेला भाग तिथे दिसतो. हलकी उष्णता मात्र फायद्याची असते. तिने प्रथिने कोठीपोटात कमी फुटतात आणि पुढे आतड्यात पचतात.

आकडा वर आला तरी लगेच निश्चिंत होऊ नका. युरियाचे नत्र शेणात जवळजवळ येतच नाही, म्हणून तो हिशेबात जवळपास पूर्ण पचलेला दिसतो. पण पुरेसे धान्य किंवा मळी सोबत नसेल तर जिवाणूंना तो वापरता येत नाही आणि नत्र मूत्रावाटे निघून जाते. ही गळती शेण तोलून सापडत नाही. दुभत्या गाईंच्या दुधातले युरिया-नत्र तपासा. ते सतत १६ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वर राहिले, तर खुराकातली प्रथिने वाढवण्याऐवजी आधी ऊर्जा वाढवा.