विमानाच्या दाराशेजारी बसताना

बेळगावच्या विमानतळाची, सांबऱ्याची धावपट्टी; तिच्या कुंपणाला लागून आमचं शेत. लहानपणी जोंधळा राखताना विमानं खालून बघितली. पुढं मुंबईत सत्तावीस वर्षं त्यांच्या देखभालीत काढली आणि त्यातली बरीच वर्षं दारांच्या कामात गेली. आता गावी आलोय. गेल्या दिवाळीनंतर आत्या पहिल्यांदा विमानानं निघाली, लेकीच्या बाळंतपणाला हैदराबादला. तिनं एकच विचारलं, "वर गेल्यावर दार उघडलं तर रे बाळा?"

हा प्रश्न मला निलजीत विचारलाय, खानापूरच्या एसटीत विचारलाय. म्हणून सगळं एकदा नीट सांगतो.

आत्याच्या शेगडीवर हॉकिन्सचा कुकर होता. त्याचं झाकण वरून बसत नाही. तिरपं करून आत घालायचं, आत सरळ करायचं आणि वर ओढून दांड्याला अडकवायचं. वाफ धरली की झाकण आतूनच तोंडावर दाबलं जातं. मी म्हटलं, "आत्या, आता उघड बघू." ती म्हणाली, "खुळा का काय? वाफ जिरल्याशिवाय कसं उघडंल?" विमानाच्या दाराचं नेमकं हेच आहे. वर असताना ते माणसाच्या जोरानं उघडत नाही, कारण आतली हवाच त्याला दाबून धरते.

विमान पस्तीस हजार फुटांवर असतं तेव्हा बाहेरची हवा फार विरळ असते. आत माणसाला श्वास घेता यावा म्हणून इंजिनाकडची हवा भरून दाब राखतात. साधारण आठ हजार फूट उंचीच्या डोंगरावर असतो तेवढा. आपलं बेळगाव अडीच हजार फुटांवर, कळसूबाई साडेपाच हजारांच्या आत. म्हणजे विमानात बसलेला माणूस कळसूबाईच्याही वर असल्यासारखा असतो. कानांना दडे बसतात ते त्यामुळंच. आतला दाब बाहेरच्यापेक्षा जास्त, दर चौरस सेंटिमीटरला सुमारे अर्धा किलो. आकडा किरकोळ वाटतो. पण दार साधारण ऐंशी सेंटिमीटर रुंद आणि पावणेदोन मीटरहून उंच. गुणाकार करून बघा, सात-आठ टन होतात. कारखान्याला निघालेली उसाची भरलेली ट्रॉली दाराला आतून टेकवून ठेवल्यासारखं आहे. पैलवानानं कितीही दांडा ओढला तरी ती ट्रॉली हलणार नाही.

प्रत्येक विमानात युक्ती थोडी वेगळी. बोइंग ७३७ चं दार खरंच कुकरच्या झाकणासारखं आहे. आधी आत येतं, तिरपं होतं, मग चौकटीतून बाहेर जातं. त्याच्या वरच्या आणि खालच्या कडेला दुमडणाऱ्या पट्ट्या असतात, त्या मिटल्या तरच ते चौकटीतून जाऊ शकतं. एअरबस ए३२० चं दार आत येत नाही. त्याच्या दोन्ही कडांना पोलादी थांबे असतात, ते चौकटीवरच्या थांब्यांना आतून टेकलेले असतात. दार आधी थोडं वर उचललं जातं, थांबे एकमेकांना चुकवतात, मग ते बाहेर सरकतं. वर दाब असताना थांबे इतके घट्ट बसलेले असतात की ते उचललंच जात नाही.

म्हणून वर असताना दाराची काळजी सोडा. काळजी घ्यायची ती जमिनीच्या जवळ असताना.

२६ मे २०२३ ला दक्षिण कोरियात जेजूहून देगूला जाणाऱ्या एअरबस ए३२१ मध्ये एका प्रवाशानं उतरायच्या जरा आधी शेजारचं दार उघडलं. विमान तेव्हा जेमतेम सातशे फुटांवर होतं. आत-बाहेरच्या दाबात फारसा फरक उरला नव्हता, म्हणजे ट्रॉली रिकामी झाली होती. विमान उघड्या दारानं सुखरूप उतरलं, पण काही प्रवाशांना श्वासाचा त्रास होऊन दवाखान्यात न्यावं लागलं. तुमची जागा दाराशेजारी असेल तर विमान उतरू लागल्यापासून थांबेपर्यंत दांड्याकडं लक्ष ठेवा. त्यावर पिशवी अडकवू नका, लेकराला हात लावू देऊ नका, कुणी ओढायला लागलं तर धरा आणि मोठ्यानं हाक मारा.

सगळी दारं मात्र कुकरसारखी नसतात. सामानाच्या कप्प्याची बरीच दारं सरळ बाहेर उघडतात, कारण आत उघडली तर माल ठेवायची जागा जाते. तिथं हवा दार बंद करत नाही, ढकलते. मग सगळी भिस्त कड्यांवर आणि कड्या फिरू नयेत म्हणून लावलेल्या खिट्ट्यांवर. ३ मार्च १९७४ ला पॅरिसजवळ तुर्की एअरलाइन्सचं डीसी-१० याच दारामुळं कोसळलं, ३४६ माणसं गेली. कड्या पुरत्या बसल्या नव्हत्या, तरी बाहेरचा दांडा बंद झालेला दिसत होता. दार उडालं, वरची, प्रवाशांच्या पायाखालची जमीन खचली आणि तिच्यातून जाणाऱ्या नियंत्रणाच्या तारा निकामी झाल्या. खिट्टी बसली का ते बघायला दारावर छोटी काच होती. पण तिची सूचना इंग्रजी आणि तुर्कीत लिहिलेली, आणि दार लावणाऱ्या कामगाराला त्या दोन्ही भाषा वाचता येत नव्हत्या, बाकी तीन भाषा येत असूनही. आपण सीमाभागातली माणसं, पाटीवरची भाषा वाचता न येणं म्हणजे काय हे आपल्याला समजावून सांगावं लागत नाही. पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मला त्या रात्री झोप आली नाही. आता नियम असा आहे की असं दार पुरतं बंद होऊन कुलूपबंद झाल्याशिवाय विमानात धोकादायक दाब भरताच येऊ नये.

५ जानेवारी २०२४ ला अमेरिकेत ७३७ मॅक्स ९ चा जो तुकडा उडाला तो तर दारही नव्हता. दाराच्या जागी बसवलेलं झाकण होतं. ते वर सरकू नये म्हणून चार बोल्ट असतात, ते कारखान्यातल्या कामानंतर परत बसवलेच गेले नव्हते. विमान सुमारे पंधरा हजार फुटांवर होतं. सुदैवानं कुणाचा जीव गेला नाही. आम्हा तंत्रज्ञांना सही करण्याआधी प्रत्येक बोल्टला स्वतः हात लावायची शिस्त असते, ती यासाठीच.

कधी दाराजवळ बारीक शिट्टी ऐकू येते. ती कडेच्या रबराची. एकदा पहाटे मुंबईत उतरलेल्या विमानात अशीच तक्रार होती. बघितलं तर रबराखाली बॅगेच्या पट्ट्याचा तुकडा अडकलेला. थांबे, कड्या सगळं जागेवर. आवाज आला तर कर्मचाऱ्याला सांगा, पण घाबरू नका.

आता चढल्यावर काय करायचं ते. कर्मचाऱ्यांना 'आर्म डोअर्स' अशी सूचना होते. दारात घडी घालून फुगणारी घसरगुंडी ठेवलेली असते, आणीबाणीत तिच्यावरून खाली उतरायचं. बऱ्याच विमानांत त्यांनी एक दांडा फिरवला की घसरगुंडीची आडवी सळी दाराच्या उंबऱ्याला अडकते. त्यानंतर कुणी आतून दार उघडलं तर घसरगुंडी काही सेकंदांत फुगून बाहेर पडते. ए३२० चं दार बाहेरून उघडलं तर ती आपोआप सुटी होते, म्हणजे खालच्या माणसाला इजा होत नाही. विमान थांबल्यावर 'डिसआर्म' ऐकू येईपर्यंत दाराजवळ गर्दी करू नका.

समोरच्या खुर्चीच्या खिशातलं सुरक्षेचं कार्ड काढा. त्यात जवळजवळ सगळी चित्रंच असतात, त्यामुळं इंग्रजी येत नसलं तरी अडत नाही. आपल्या जागेपासून पुढच्या आणि मागच्या दारापर्यंत किती रांगा आहेत ते मोजा. धुरात दिसत नाही, तेव्हा खुर्च्यांच्या पाठी चाचपत जावं लागतं. सांबऱ्याला येणाऱ्या एटीआरमध्ये, म्हणजे पंख्यांच्या छोट्या विमानात, आपण मागच्या डाव्या दारानं चढतो, त्याच दारात पायऱ्या असतात. आणीबाणीच्या खिडक्या पुढच्या बाजूला आहेत, हे बऱ्याच जणांच्या लक्षातच येत नाही. हे विमान बुटकं आहे, म्हणून त्याला घसरगुंडी नसते. ती लागते उंबरा जमिनीपासून सहा फुटांहून उंच असेल तेव्हा.

दार आपल्यालाच उघडावं लागलं तर आधी काचेतून बाहेर बघा. आग किंवा धूर असेल तर ते दार सोडा, दुसरीकडं वळा. बाहेर मोकळं असेल तर बाणाच्या दिशेनं दांडा शेवटपर्यंत फिरवा, अर्ध्यात सोडू नका. ए३२० ला तो वर उचलायचा असतो. पंखावरची ए३२० ची खिडकी सुटून हातात येते, पंधरा किलोची असते, ती बाहेर टाकायची. ७३७ च्या नव्या विमानांत ती वरच्या बिजागरीवर आपोआप उघडते. घसरगुंडी फुगली नाही तर उंबऱ्याजवळचा लाल दांडा जोरात ओढा. पिशवी, डबा, कुंद्याची पेटी, सगळं आत राहू द्या. नवं विमान मंजूर करताना निम्मी दारं बंद ठेवून ९० सेकंदांत सगळी माणसं बाहेर काढून दाखवावी लागतात. बॅगा घेऊन हे जमत नाही. हात छातीशी घ्या, उडी मारून बसा, खाली पोचताच विमानापासून लांब पळा.

आत्याला एवढं सगळं सांगितलं नव्हतं. कुकरचं सांगितलं, कार्ड बघायला सांगितलं आणि रांगा मोजायला. हैदराबादला उतरल्यावर तिचा फोन आला. लेकीची खुशाली नंतर सांगितली, आधी म्हणाली, "बाळा, मागच्या दारापर्यंत सहा रांगा होत्या. हात लावून मोजल्या."